पूल बंद करणारी रेश्मा

रेश्माचं माहेर सांगलीचं. सांगलीच्या माणसाला नदी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात तिथं शेजारी भेटला की जेवलात का विचारायच्या आधी, आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आलं, हे विचारतात. रेश्मा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाच्या महापुरात त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं होतं. तिची पुस्तकं गेली, आईची शिलाई मशीन गेली, आणि पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी गाळाची रेघ उरली ती तीन वेळा रंग देऊनही पुसली गेली नाही.

लग्न होऊन ती उंब्रजजवळच्या भुईवाडीत आली. हायवेवरून खाली उतरायचं, कृष्णेवरचा जुना दगडी पूल ओलांडायचा, की भुईवाडी. नवरा अवधूत सैन्यात, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. सासू लग्नाआधीच वारलेली. घरात सासरे तात्या, रेश्मा आणि चार वर्षांची ज्ञानदा. तात्याही माजी सैनिक. पलटणीत त्यांनी जन्मभर नद्यांवर तात्पुरते पूल टाकायचं काम केलेलं. त्यामुळं कुठलाही पूल दिसला की ते आधी त्याच्या पायाकडं बघत.

भुईवाडीचा पूल म्हातारा झाला होता. नव्या पुलाचं बोलणं प्रत्येक निवडणुकीत निघे आणि निकालाच्या गुलालाबरोबर वाहून जाई. शेवटी असं ठरलं, की नवा पूल मंजूर होईपर्यंत जुन्यावर नजर ठेवायची. पुण्याच्या एका कंपनीची माणसं आली. त्यांनी पुलाच्या खांबांवर झुकाव मोजणाऱ्या डब्या बसवल्या, भेगांवर पट्ट्या चिकटवल्या, कठड्याला पाण्याची उंची सांगणारं यंत्र टांगलं. दोन्ही तोंडांना, एकाच चावीनं वर-खाली होणारे आडवे दांडे बसवले. उंब्रजच्या बाजूला पत्र्याची केबिन उभी केली आणि तिच्यात बसायला कुणी शिकलेलं माणूस गावात आहे का, अशी चौकशी केली. रेश्माचं नाव पुढं आलं.

तात्या म्हणाले, “म्हाताऱ्याला थर्मामीटर लावलाय. औषध कवा देणार ते इचार.”

पण रेश्माला काम आवडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच शिकलेलं काहीतरी हाताशी येत होतं. पडद्यावर प्रत्येक खांबाची एक रेघ हलत असे. उसाचा ट्रॅक्टर गेला की रेघ उसळायची आणि पुन्हा जागेवर यायची. दुपारच्या उन्हात अख्खा पूल किंचित फुगायचा, संध्याकाळी आवळायचा. इतकी वर्षं मुक्या दगडासारखा पडलेला तो पूल आत जिवंत आहे, हे पहिल्या आठवड्यात तिनं घरी येऊन इतक्या कौतुकानं सांगितलं की तात्याही जेवायचं थांबून ऐकत राहिले.

नियम सोपे होते. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे दांडे पाडा आणि बांधकाम खात्याच्या साहेबांना कळवा. पडद्यावरचं सगळं तिच्या मोबाइलवरही दिसे. इशारा वाजला की तिनं लगेच ‘पाहिलं’ म्हणून बटण दाबायचं. नाही दाबलं तर पुण्याहून ऋषिराज सरांचा फोन. ऋषिराज सर म्हणजे कंपनीचे मुख्य. दुसरा माणूस लवकरच देतो, असं ते पहिल्या महिन्यात म्हणाले होते. तो माणूस काही आला नाही. केबिनला संध्याकाळी कुलूप लागे, पण मोबाइलला कुलूप नव्हतं. चुलत नणंदेच्या हळदीत तो वाजला, पालीच्या खंडोबाच्या जत्रेत वाजला, ज्ञानदाला ताप असताना दवाखान्यात वाजला. माहेरी राहायला जाणं बंदच झालं; सांगलीहून दांडा पाडता येत नव्हता. खुंट्याला बांधलेल्या जनावराला निदान दाव्याची लांबी कळते. रेश्माला तीही कळेनाशी झाली होती.

आणि मग तो हिवाळ्यातला दिवस आला.

गळीत हंगाम भरात होता. भर दुपारी तिसऱ्या खांबाची रेघ वाकली ती परत आलीच नाही. पिवळा झाला, आणि बघता बघता लाल. रेश्मानं दांडे पाडले. दोन्ही काठांना उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. शिव्याशाप सुरू झाले. त्याच दुपारी पलीकडं, गुंडा नावाच्या शेजाऱ्याच्या आईला, बनुबाईला, चूल सारवताना लकवा मारला. गुंडानं तिला गाडीत घातलं आणि पुलाशी आणलं तर दांडा पडलेला. फिरून जायला खालच्या अंगाला एक बुटका पूल होता, पण तो रस्ता लांबचा आणि खडबडीत. गुंडा त्या रस्त्यानं गेला.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे तंत्रज्ञ आले. शिडी लावून खांबाशी उतरले आणि तसेच बोंबलत वर आले. तिसऱ्या खांबावरच्या डबीला आग्यामोहोळ लटकलं होतं. त्याच्या भारानं डबीचा पत्रा वाकला होता. पूल जिथल्या तिथं होता.

गाव महिनाभर हसलं. ‘माशांनी पूल वाकवला’ ही म्हणच झाली. हसणाऱ्यांचं रेश्माला फार वाटलं नाही. पण बनुबाई घरी आली ती उजवा हात आणि वाचा दवाखान्यात ठेवून. वेळेत आणलं असतं तर कदाचित फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. गुंडा रेश्माला एका शब्दानंही बोलला नाही. आधी येता-जाता “वयनी, च्या ठेवा” म्हणणारा गुंडा आता मान खाली घालून जायचा. रोज सकाळी केबिनला जाताना रेश्माला त्यांच्या अंगणावरून जावं लागे. बनुबाई ओट्यावर बसलेली असे. तिची नजर रेश्मा वळणाआड होईपर्यंत पाठीला चिकटलेली असे.

अवधूत फोनवर म्हणाला, “सोड ती नोकरी. आपलं काय अडलंय?”

तिनं राजीनाम्याचं बोलणं काढलंही. ऋषिराज सर म्हणाले, “सोडा, पण दुसरं माणूस मिळेपर्यंत थांबा. तुम्ही गेलात तर पूल उघडाच राहील.” बदली माणूस शोधायचं काम त्यांनी कुणाकडं दिलं होतं देव जाणे. रेश्मा स्वतः उंब्रजात चार घरी विचारून आली. मोहोळाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती; तयार कोण होणार? आणि सगळं टाकून घरी बसावं, तर ज्या पुलावरून तात्या बाजाराला आणि ज्ञानदा शाळेला जाणार, त्याच्याकडं बघायला कुणीच नाही, हे तिलाच सहन होईना. ज्ञानदा तर उंबऱ्यात काठी आडवी धरून खेळायची, “पूल बंद! मागं फिरा!” त्या खेळावर रेश्मा एकदा तिच्यावर ओरडली आणि नंतर मोरीत जाऊन रडली.

पुढच्या श्रावणात धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली. नदी फुगली होती, पण पुलाला पाणी लागायला अजून अवकाश होता. उंब्रजचा बाजार होता. अर्धी भुईवाडी या काठाला आलेली. दुपार कलताना तिसऱ्या खांबाचा दिवा पिवळा झाला.

रेश्मानं आधी कठड्यावरून वाकून पाहिलं. मोहोळ नव्हतं. डबी नवी होती, पत्रा जाड होता. ती केबिनमध्ये परत आली आणि त्याच खांबाच्या भेगेवरची पट्टी काय सांगते ते पाहिलं. ती रेघही चढत होती. हळू, पण एकाच दिशेनं. गाडी गेल्यावर उसळी नाही, परत येणं नाही. दोन वेगळी यंत्रं एकच गोष्ट सांगत होती.

तिनं पुण्याला फोन लावला. ऋषिराज सर म्हणाले, “पिवळ्यावर बंद करायचा नियम नाही, रेश्मा. मागच्या वेळचं आठवतंय ना? लाल होऊ दे.”

तिनं खात्याच्या उपअभियंत्यांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, मी पलीकडच्या तालुक्यात पुराच्या कामात अडकलोय. तुम्हाला योग्य वाटतं ते करा. पण जबाबदारी तुमची.”

फोन ठेवून ती बसून राहिली. पुलावरून एक वडापची जीप गेली, आत माणसं कोंबलेली. त्याच्यामागं दुधाची गाडी. रेघ आणखी जराशी सरकली. बंद केलं आणि पूल धड निघाला, तर गावात पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती. उघडा ठेवला आणि काही झालं, तर? आणि तिसरी एक गोष्ट होती, जिच्याकडं ती बघायचं टाळत होती. खालचा बुटका पूल सकाळीच पाण्याखाली गेला होता. दांडा पाडला की ती स्वतः या काठाला, आणि ज्ञानदा त्या काठाला.

तिनं दांडे पाडले.

बघता बघता माणसं जमली. पिशव्या, पोती, कोंबड्या, खताच्या गोण्या. “आवं, पाणी तर कुठल्या कुठं हाय!” “पुन्यांदा माशा बसल्या वाटतं.” कुणीतरी मागून शिटी मारली. गर्दीतून एक छोटा हत्ती टेम्पो पुढं आला. गुंडा चालवत होता. हौद्यात गादीवर बनुबाई बसली होती. त्यानं तिला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात आणलं होतं. गुंडा खाली उतरला आणि कितीतरी महिन्यांनी रेश्माशी बोलला.

“मागच्या बारीला आयीची वाचा गेली. आता काय न्यायचं राह्यलंय, वयनी?”

रेश्मा म्हणाली, “भावजी, दोन यंत्रं एकच सांगाय लागल्यात. मी सोडू शकत न्हाई.”

“मग तुमी तरी पलीकडं जावा. पोरगी हाय तुमची तिकडं. तेवढं जाऊन घ्या, मग ऱ्हाऊ दे बंद.”

तो टोमणा होता की काळजी, तिला कळलं नाही. पण तिचा पाय खरंच उचलला गेला. पूल तो केवढा; पाच मिनिटांत ती घरी असती. ज्या पुलावर दुसऱ्याला पाय ठेवू देत नव्हती त्यावरून आपण धावत जावं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. दांड्याला हात लावून ती उभी राहिली.

मोबाइल वाजला. तात्यांचा होता. पलीकडच्या दांड्याशी ते ज्ञानदाला खांद्यावर घेऊन आले होते. इथूनही त्यांचा पांढरा फेटा दिसत होता.

“काय दाखवतंय?” त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

“डबी आन पट्टी, दोनी?”

“व्हय.”

तात्या म्हणाले, “पाण्याचं सांगतो तुला. पाणी वरनं खांब ढकलत न्हाई. खालनं पायाची माती खातं. वरनं काय बी दिसत न्हाई.” मग म्हणाले, “बंद केलंस न्हवं? आता उघडू नगंस. हिकडनं कोन येत न्हाई. मी हाय.” आणि कुणाच्या तरी दारातली खुर्ची आणून ते दांड्यासमोर बसले. एक मोटरसायकलवाला कडेनं घुसायला बघत होता, त्याला त्यांनी अशी काही पलटणीतली हिंदी ऐकवली की ती या काठापर्यंत आली. गर्दीतले दोघं-तिघं हसले. तेवढंच.

तासाभरानं उपअभियंते आले. गर्दीनं त्यांना घेरलं. त्यांच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. कुणीतरी मोठं माणूस पूल का बंद म्हणून विचारत होतं. ते केबिनमध्ये येऊन हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, पिवळाच आहे की. उघडा.”

रेश्मानं दांड्याची चावी टेबलावर ठेवली. “साहेब, तुम्ही उघडा.”

ती काही हट्टानं बोलली नव्हती. तिच्यात हट्ट उरलाच नव्हता. कुणीतरी हे तिच्या हातून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. साहेबांनी चावी उचलली. पडद्याकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, बाहेरच्या गर्दीकडं पाहिलं. आणि चावी मुठीत धरून तिथंच उभे राहिले. उघडवेनाही आणि परत देववेनाही. फोन वाजला की ते “बघतोय, बघतोय” म्हणत. तेव्हा रेश्माला पहिल्यांदाच वाटलं, या पिंजऱ्यात आपण एकटे नाही.

दिवस मावळायच्या आत वरून निरोप आला: धरणाचा विसर्ग वाढवला आहे, नदीवरचे सगळे पूल बंद करा. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचं जे हसू उमटलं ते त्यांनाही लपवता आलं नाही. त्यांनी चावी टेबलावर ठेवली. “आता आदेश आहे,” ते म्हणाले.

पुढचे काही दिवस पूर पुलावरून गेला. अडकलेली माणसं उंब्रजच्या शाळेत उतरवली होती. रेश्माही त्यांच्यातच. जायला जागा तरी दुसरी कुठं होती? बायका तिच्याशी कामापुरतं बोलत. भाकरी थापायला बसली की शेजारची जरा सरकून बसे. वीज गेली, मोबाइल लागेना. ज्ञानदाचा आवाजही ऐकायला मिळेना. खिडकीतून नुसतं तांबडं पाणी दिसे आणि त्यात पुलाचा कठडा कुठं असेल ते डोळे अंदाजानं शोधत राहत.

बनुबाई कोपऱ्यातल्या गादीवर होती. गुंडाला बिचाऱ्याला आईची वेणीफणी जमेना. रेश्मा उठली आणि फणी घेऊन तिच्यामागं बसली. बनुबाईनं डाव्या हातानं तिचा हात झटकला. रेश्मा बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा झटकला. तिसऱ्यांदा म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली, पण डोकं पुढं केलं. रेश्मानं गुंता सोडवला, तेल लावलं, अंबाडा बांधला. मग दवाखान्यात शिकवल्याप्रमाणं तिची उजवी बोटं एकेक करून उघडली, मिटली. बनुबाई तिच्याकडं बघत नव्हती. पण हात काढून घेतला नाही.

व्हरांड्यात गुंडा म्हणाला, “वयनी, मी तुमच्यावर राग धरला न्हाई, असं सांगनार न्हाई. लय धरला.”

“धरायचाच,” रेश्मा म्हणाली.

“आन आज बी पुरता गेल्याला न्हाई.”

“बरं.”

गुंडा उठून गेला नाही, तिथंच तंबाखू मळत बसला.

पूर ओसरला. बोटीतून ती पलीकडं गेली तेव्हा ज्ञानदा आधी तात्यांच्या मागं लपली आणि मग आईच्या मानेला जी बिलगली ती झोपेपर्यंत सुटली नाही. पूल उभा होता. गावानं ते पाहिलं आणि पुन्हा कुजबुज सुरू झाली: बघा, पडला का? मग तपासणीची माणसं आली, पाणबुडे खाली उतरले. तिसऱ्या खांबाच्या पायाखालची माती पाण्यानं पोखरून नेली होती. खांब अर्ध्या पायावर उभा होता. तपासणीचे मुख्य इंजिनिअर हात पुसत वर आले तेव्हा सगळं गाव काठावर होतं.

“त्या दिवशी गाड्या चालू राहिल्या असत्या, तर पडला असता का साहेब?” गुंडानंच विचारलं.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “संध्याकाळपर्यंत टिकला नसता, किंवा आणखी दहा वर्षं असाच उभा राहिला असता. दोन्ही होऊ शकतं.”

गावानं या उत्तराचे सोयीप्रमाणे दोन भाग केले. काही जण रेश्माला मान देऊ लागले. काही जण आजही म्हणतात, की तिनं बोभाटा केला नसता तर पूल कायमचा बंद झाला नसता. कारण पूल कायमचा बंद झाला. आता शाळा, दूध, ऊस, दवाखाना, सगळं बुटक्या पुलाच्या लांबच्या रस्त्यानं. आणि खड्डा आला की माणसं कुणाचं नाव घेतात, हे रेश्माला माहीत आहे. रात्री तिला स्वतःलाही तोच प्रश्न पडतो. पडला असता का? त्याचं उत्तर कुठल्याच डबीत नाही.

गंमत म्हणजे कंपनीचं कंत्राट संपलं नव्हतं. त्यामुळं ज्या पुलावरून कुणी जात नव्हतं त्याच्यावर रेश्मानं नजर ठेवायची होती. एखादी शेळी कठड्याशी चरायला जाई, भाद्रपदाच्या उन्हात दगड फुगत आणि आवळत. मोबाइल वाजे, ती ‘पाहिलं’ म्हणून बटण दाबे.

दिवाळीनंतर नव्या पुलाची मंजुरी खरंच आली. नारळ फुटला, नदीकाठी यंत्रं उतरली. या पुलाच्या पायातच सेन्सर घालायचे होते. काँक्रीट ओतायच्या आधी, मातीचं पोखरणं खालूनच कळेल असे. ऋषिराज सर स्वतः पुण्याहून आले आणि घरी ओसरीवर बसून म्हणाले, “रेश्मा, इथलं काम तुम्हीच बघायचं. तुमच्याइतकी या नदीची माहिती कुणाला नाही.”

पूर्वी ती अशा वाक्यानं फुलली असती. आता तिनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “तीन माणसं लागतील सर. पाळीपाळीनं. आणि बंद करायचा आदेश खात्याच्या माणसानं द्यायचा. तो इथं, केबिनमध्ये बसलेला पाहिजे. मी फक्त यंत्र काय सांगतं ते सांगणार.”

“तीन अवघड आहेत. एक बघतो.”

“मग दुसरं कुणी बघा.”

सर हसले, मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचे थांबले. विचार करून कळवतो म्हणाले आणि लांबच्या रस्त्यानं निघून गेले.

महिन्याभरानं वाईची क्षमा नावाची मुलगी कामावर आली. तिसऱ्याचं अजून चाललंय. खात्याच्या माणसाचं कुणी बोलतच नाही. पण क्षमा आल्यावर रेश्मा दोन दिवस ज्ञानदाला घेऊन सांगलीला गेली. आईनं भडंग करून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी रेश्मा दुपारी आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली.

परतल्यावर तात्या म्हणाले, “मग? नव्या पुलाला बी तूच बसनार?”

“अजून ठरवलं न्हाई.”

“ठरवशील का?”

पलीकडं पायाचा खड्डा खणणारं यंत्र धडधडत होतं. रेश्मा बॅगेतले कपडे काढून घड्या घालत राहिली. “मी ठरवायच्या आधी,” ती म्हणाली, “त्यांनी ठरवू दे, की बंद कोन करनार.”